सेंगकांगखालची काळी रेघ

आमच्या मराठी मंडळात कुणी नवीन भेटलं की तिसऱ्या वाक्याला नोकरीचा विषय निघतो. इथल्या आम्हा लोकांची उत्तरं ठरलेली असतात: बँक, ऑडिट, आयटी. मी म्हणायचे, "शेतीच्या अभ्यासक्रमाचं नियोजन." समोरचा आधी हसायचा, मग माझा चेहरा पाहून हसू गिळायचा. सिंगापूरमध्ये शेती म्हणजे काय, बाल्कनीतला कढीपत्ता? अशा वेळी माझा नवरा विनायक हटकून मध्ये तोंड घालायचा. "आमच्याकडे एक बिनजमिनीची जमीनदारीण आहे," तो सांगायचा. "हिची देशोदेशी शेतं आहेत, आणि सात-बारा एकाही ठिकाणचा नाही."

तो चेष्टा करायचा, पण खोटं काही बोलत नव्हता. म्हणून आता निवृत्तीनंतर, मंडळाच्या अंकाच्या निमित्ताने, एकदा नीट सांगूनच टाकते.

दहावीनंतर इथली बरीच मुलं पॉलिटेक्निकला जातात आणि तीन वर्षांचा डिप्लोमा करतात. आमच्या पॉलीत शहरी शेतीचा डिप्लोमा होता. पुढे शेतीची पदवी घ्यायची तर मुलांना बाहेरच्या देशातल्या विद्यापीठात जावं लागतं. ती विद्यापीठं आमचे विषय तपासतात आणि म्हणतात, हे हे तुमचं शिकून झालंय, ते आमच्याकडे पुन्हा नको, तुम्ही थेट दुसऱ्या वर्षात या. आमचा कुठला विषय त्यांच्या कुठल्या विषयाला पुरतो हे शोधायचं, त्यासाठी विद्यापीठांशी गोड बोलून भांडायचं, आणि प्रत्येक मुलाची तीन वर्षं त्या बेताने आखून द्यायची, हे माझं काम. ऑफिसात त्याला भारदस्त इंग्रजी नाव होतं. घरी आम्ही त्याला पत्रिका जुळवणं म्हणायचो. छत्तीस गुण कधी जमत नाहीत. निम्म्यावर भागवायचं, आणि मंगळ निघाला तर काही तोड काढायची.

माझी आखणी नेहमी शेवटापासून सुरू व्हायची. विद्यापीठाचं शेवटचं वर्ष आधी वाचायचं, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं, असं उलट्या पावलांनी चालत आमच्या पहिल्या सत्रापर्यंत यायचं. या वाचनात माझे तासच्या तास जायचे. "वसंतात मेंढ्यांची लोकर उतरवणे." "पेरणीपूर्वी शेतात मुक्काम." विषयांची अशी रूक्ष वर्णनं वाचता वाचता माझ्या टेबलापुढची भिंत विरघळायची. मला तिथली कुंपणं दिसायची, धान्याची उंच कोठारं दिसायची, कुठल्याशा गावातल्या एकुलत्या एक दुकानाबाहेर झोपलेलं कुत्रंसुद्धा दिसायचं. वर्णनात कुत्रं नसायचं, ते माझं.

दुपारी जेवण झालं की मी आमच्या शेतात जाऊन बसायचे. शेत म्हणजे सहाव्या मजल्यावरची एक मोठी खोली. फडताळांवर फडताळं, त्यांत लेट्यूसची रोपं, मुळं पाण्यात सोडलेली, आणि सगळीकडे गुलाबी-जांभळा उजेड. तिथे सकाळ किंवा संध्याकाळ नसायची. रोपांची खोडं बळकट व्हावीत म्हणून पंखा लावून त्यांना वारा द्यायचे. त्या वाऱ्यात सगळी पानं एकदम हलायची, आणि त्यांना कसली तरी आठवण झालीय असं मला दर वेळी वाटायचं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली बाई, पानांना आठवणी नसतात हे मला पाठ आहे. तरी वाटायचं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक कोट-टायवाले गृहस्थ मुलीला घेऊन आले आणि दार लावून घेत म्हणाले, "मॅडम, पदवी शेतीचीच घेऊ दे, पण सर्टिफिकेटवर शेती हा शब्द येणार नाही असं काही जमेल का?" मी जमवून दिलं. एका विद्यापीठात त्याच विषयांना 'वनस्पतिविज्ञान' म्हणतात. गृहस्थ दोन्ही हातांनी माझा हात हलवून गेले. मुलगी आज टोमॅटो पिकवते.

प्रत्येक मुलाला मी पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारायचे. डोळे मीट, तुझं शेत बघ, आणि काय दिसतंय ते सांग. बहुतेकांना फडताळं दिसायची, फार तर आमच्याहून उंच. त्यांनी दुसरं पाहिलेलंच काय होतं? हुई मिन मात्र डोळे मिटून बराच वेळ बसली. ही सेंगकांग या नव्या टाउनमधल्या एका फ्लॅटमध्ये राहणारी, तोंडावर बोलणारी मुलगी. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत देतेय, शेवटचे 'ला' आणि 'आह' तेवढे तिचे ठेवलेत.

"रेघ दिसते," ती म्हणाली. "लांबची. जमीन संपते आणि आकाश लागतं ती. ऑन्टी, मी ती कधी बघितलीच नाही ला. समुद्रावर गेलं तर मध्ये सगळी जहाजं."

तिची पत्रिका मी मन लावून जुळवली. पदवी तीन वर्षांची, आणि तिला मिळणारी शिष्यवृत्ती दोन वर्षांची. म्हणजे थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला तरच पदवी पुरी होणार. पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली तर एक वर्ष उघडं पडत होतं, आणि ते आम्हाला झेपणार नाही असं तिच्या आईवडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. सगळे विषय जुळले, मी पाठ टेकून बसले, आणि तिच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाने नियम बदलला.

दुसऱ्या वर्षात थेट येणाऱ्याने मातीचा छेद स्वतः अभ्यासलेला असावा, असा तो नियम. म्हणजे असं: जमिनीत चांगला खोल खड्डा घ्यायचा. त्याची एक बाजू सुरीने तासून साफ केली की मातीचे थर दिसतात. प्रत्येक थराची जाडी मोजायची, रंग बघायचा, ओली माती चिमटीत दाबून तिची पट्टी निघते का ते पाहायचं. पट्टी लांब निघाली तर चिकणमाती, लगेच तुटली तर वाळू. या सगळ्याचं वर्णन घेऊन मुलाखतीला यायचं. शेतकी कॉलेजातल्या कुठल्याही पोराला यात काही अवघड वाटू नये.

आमच्या डिप्लोम्यात माती नव्हती. पहिल्यांदा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीने ती विचारपूर्वक वगळली होती. सहाव्या मजल्यावर माती आणायची कुठून, ठेवायची कुठे, आणि लिफ्टमध्ये सांडली तर बोलणी कुणी खायची? पाणी, क्षार, प्रकाश आणि सेन्सर यांवर सगळं सुरेख बसलं. शेतीचा आख्खा अभ्यासक्रम झाला आणि त्यात माती नाही, हे इतकी वर्षं एकाही शहाण्याला खटकलं नाही. अशी चूक करायला आमच्यासारखीच माणसं लागतात.

बरं, मग खड्डा खणू. मला वाटलं यात काय आहे?

मी फोन करायला घेतले. या बेटावर जमिनीचा प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याखाली वायरी, पाईप नाहीतर बोगदे आहेत. बागेवाले म्हणाले, रस्तेवाल्यांना विचारा. रस्तेवाल्यांनी पाणीवाल्यांकडे पाठवलं. एका अतिशय सभ्य गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती खोल?"

"छातीइतका," मी म्हटलं.

"कुणाच्या छातीइतका, मॅडम?"



मग मी हुई मिनला क्वीन्सटाउनला आमच्या इमारतीखाली बोलावलं. तिथे रहिवाशांनी केलेली छोटी बाग आहे, तिचे पुढारी अंकल ओंग. खणायचंय म्हटल्यावर त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "खणायचं? काय हरवलं आह?" पण फावडं दिलं. हुई मिनने वांग्यांच्या कडेला घाव घातले. वीतभर खाली विटांचा चुरा लागला आणि मग खण्ण आवाज झाला. जुना कारपार्क. "माती दुकानातली," अंकल समजुतीच्या सुरात म्हणाले. "पोत्यातून येते. दर वर्षी नवीन."

हुई मिन फावड्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. रडली नाही. "ऑन्टी, कॅन्सल करू या ना," एवढंच म्हणाली. त्या रात्रभर मला तिचा आवाज ऐकू येत होता. खड्ड्यावाचून एका मुलीचं शिक्षण अडावं याचा मला इतका संताप आला की विनायकनेसुद्धा चेष्टा केली नाही.

खड्डा सापडला तो मराठीत. मंडळाच्या वाचनकट्ट्यावर मी हे रडगाणं गात होते, तेवढ्यात मंदार जोरात हसला. मंदार पुण्याचा, बांधकामावर इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला.

"काकू, अहो मी रोज खणतो! सेंगकांगला आमचं काम चाललंय. ड्रेनसाठी माणूसभर खोल चर घेतलाय आत्ता."

"त्यात माती दिसते?"

"काकू, मातीचे रिपोर्ट मी कायम वाचत असतो. पण ती हलू नये म्हणून. ती दिसते कशी, ते कधी बघितलं नाही. बॉसला विचारतो."

बॉसने परवानगी दिली. हेल्मेट, बूट, चकाकतं जाकीट, सेफ्टी ऑफिसर पूर्ण वेळ सोबत, आणि साइटवरून काहीही बाहेर न्यायचं नाही, या अटींवर. शनिवारी दुपारी काम थांबल्यावर आम्ही गेलो. हुई मिनसोबत तिचा आ-कोंग आला होता. आ-कोंग म्हणजे आजोबा. बारीक चणीचे, पांढरी बनियन, खाकी अर्धी पँट, बोलणं फक्त तेओच्यू या चिनी बोलीतून. "माती खणलीय म्हटल्यावर ऐकेचना ला," ती पुटपुटली. हे टाउन उभं राहायच्या आधी या भागात शेतं होती. त्यांतलं एक आ-कोंगचं. सरकारने जमीन घेतली, फ्लॅट दिला. बाकी या विषयावर घरात कधी बोलणं झालं नव्हतं.

ढग भरून आले होते आणि हवा नुसती चिकट झाली होती. चराच्या भिंती पायऱ्यांसारख्या कापल्या होत्या. हुई मिन खाली उतरली, सुरीने भिंत तासायला लागली, आणि थोड्या वेळाने थांबली. "ऑन्टी, हे बघ."

वर हातभर जाडीचा लालसर भराव. त्यात विटांचे तुकडे, फुटकी टाइल, एक निळी प्लॅस्टिकची पिशवी. तळाशी पिवळट पांढरी चिकणमाती. आणि या दोन्हींच्या मध्ये, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक काळी रेघ. वीतभर जाडीची, सरळ, ओली, आणि तिच्यातून बारीक बारीक मुळ्यांच्या खुणा गेलेल्या. जमीन सपाट करताना वर भराव टाकला, आणि खालचं शेत जसंच्या तसं राहिलं. वर इमारती आल्या, शाळा आल्या, एलआरटीची छोटी रेल्वे आली, आणि खाली ते झोपून राहिलं.

माझे डोळे भरून आले. ज्या खोलीत सकाळ होत नाही तिथे बसून मी आयुष्यभर दूरदेशीची शेतं बघत होते, आणि हे इथे, पायाखाली होतं.

आ-कोंगना सेफ्टी ऑफिसरने हाताला धरून खाली उतरवलं. त्यांनी काळ्या रेघेतून चिमूटभर माती काढली, बोटांत मळली, वास घेतला. मग काहीतरी बोलले. मी हुई मिनकडे पाहिलं.

"मी विचारलं, तुमचंच शेत का हे? ते म्हणतात, कसं सांगू, ओढा बुजवला, टेकडी कापली, काही खूण उरली नाही." आजोबा पुन्हा बोलले आणि ती खुदकन हसली. "म्हणतात, शेजाऱ्याचं नक्की नाही. तो आळशी होता. त्याची माती इतकी काळी नसती झाली."

 मग मंदार चरात उतरला आणि त्यानेही त्या रेघेला हात लावून पाहिला.

हुई मिनने मोजमापं घेतली, रंगांच्या पुस्तकाशी माती ताडून पाहिली, पट्ट्या काढल्या, फोटो काढले. निघताना फाटकाशी सगळ्यांचे बूट धुतले गेले, कारण साइटवरचा चिखल रस्त्यावर आलेला इथे चालत नाही. नातीने पाइप धरला, आ-कोंगनी निमूटपणे एकेक पाय पुढे केला. काळं पाणी जाळीतून खाली गेलं. मग ती म्हणाली, हात. तेव्हा मात्र त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि चालू लागले. एलआरटीत ते माझ्यासमोर बसले होते. हात गुडघ्यांवर, आणि नखांत माती. पुढच्या कितीतरी स्टेशनांपर्यंत ते नखांकडेच बघत होते.

मुलाखत व्हिडिओवर झाली; मी कॅमेऱ्याच्या बाहेर, हुई मिनच्या समोर बसले होते. पलीकडे विद्यापीठातल्या एक वयस्क बाई होत्या, उन्हाने रापलेल्या. त्यांनी फोटो मोठा करून त्या काळ्या थरावर बोट ठेवलं. हा काय आहे?

"माझ्या आजोबांचं शेत," हुई मिन म्हणाली.

"हे कशावरून?"

 पुरावा आमच्याकडे कुठला असणार? मी तिला खुणावलं, थरांबद्दल बोल. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"शेजारी आळशी होता," ती म्हणाली, आणि आजोबांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बाई मोठ्याने हसल्या. आणि नंतर त्यांनी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. काळा रंग कशाने येतो, खालची माती पांढुरकी का, मुळ्या कुठे थांबल्या आणि का थांबल्या. हुई मिन एकेक उत्तर देत गेली. मातीला हात लावून आलेलं माणूस वेगळं बोलतं, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकलं.

मातीचा विषय माफ झाला. ती थेट दुसऱ्या वर्षात गेली. आमच्या समितीने पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रमात माती घातली. तासभराचं व्याख्यान आणि चित्रफीत. मी हुज्जत घातली, पण फार काही हाती लागलं नाही, आणि मग माझी निवृत्ती आली. ही हुरहूर आहे, राहणार.

तिकडे उतरल्यावर तिने विमानतळावरूनच फोन केला होता. "ऑन्टी, इथे विचारतात, बुटांना माती आहे का? बाहेरची माती आत आणायची नाही म्हणून. मी नाही म्हटलं. खरंच नव्हती ला. पण खोटं बोलल्यासारखं वाटलं."

ती रेघ दिसली का, असं मी विचारलं. "अजून नाही. अजून कारपार्कच दिसतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

यंदा ती पहिल्यांदा सुट्टीवर आली, तेव्हा मीही चांगी विमानतळावर गेले होते. काचेच्या दारातून ती ट्रॉली ढकलत आली. रंग रापलेला, खांदे भरलेले, चाल बदललेली. आईने मिठी मारली, वडिलांनी ट्रॉली धरली. मला बघून ती लांबूनच ओरडली, "ऑन्टी! दिसली ला! रोज दिसते!" आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. 

आ-कोंग मागे उभे होते. ते पुढे आले. मिठी वगैरे त्यांच्या पिढीत नाही. त्यांनी तिचा हात हातात घेतला, उताणा केला, तळव्यावरचे घट्टे अंगठ्याने चाचपले. मग पालथा केला आणि डोळ्यांजवळ नेऊन एकेक करून नखं नीट बघितली. पाचही बोटांची. मग दुसऱ्या हाताची.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं, आणि तिचा हात न सोडता एमआरटीच्या स्टेशनाकडे चालू लागले.